बसलेल्यांची नोंद

माणूस चेहऱ्याने खोटं बोलतो, आवाजाने तर हमखास बोलतो. पण पायाने खोटं बोलायला फार सराव लागतो. कासारवेढे महानगरपालिकेच्या उद्यान अधीक्षक उज्ज्वलाबाई तोडकर यांना हे इतरांपेक्षा जरा जास्तच ठाऊक होतं. गेली दीड वर्षं शहरातल्या अकरा मैदानांवर नि तेवीस बागांत पडणारं प्रत्येक पाऊल त्यांच्या टेबलावर येऊन पडत होतं.

उदाहरणार्थ, हौद मैदानावर क्रमांक आठशे नऊ रोज सकाळी फिरायला येई. दहा फेऱ्या मारण्याच्या ऐटीत सुरुवात, साडेतीन फेऱ्यांवर पोह्यांच्या गाडीशी मुक्काम, आणि घरी जाताना मुद्दाम धापा टाकत जड पावलं. क्रमांक दोन हजार बारा आणि दोन हजार नव्वद हे दोघे दोन वेगळ्या गेटांनी आत येत, दोन वेगळ्या गेटांनी बाहेर जात, आणि मधली वीस मिनिटं मात्र त्यांची पावलं एका ठेक्यात पडत. ही माणसं कोण, हे वहीला ठाऊक नव्हतं. उज्ज्वलाबाईंना काहींच्या बाबतीत ठाऊक होतं, पण नसल्यासारखं करणं हा त्यांच्या नोकरीचा भाग होता.

या वहीचं नाव पाऊलवही. ती कुणी मुद्दाम शोधली नव्हती. मैदानांखालच्या पाण्याच्या नळ्या फुटत, आणि कुठे फुटल्या हे कळायला अर्धं मैदान उकरावं लागे. म्हणून नळ्यांशेजारी वीतभर खोल काचेचा एक बारीक धागा अंथरला गेला. धाग्याच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा लेझरची चमक सोडायची. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात कणभर खोट राहतेच. त्या प्रत्येक खोटीवर आपटून उजेडाचा एक अंश माघारी येतो. धागा नावापुरता जरी ताणला गेला, तरी माघारी येणारा उजेड बदलतो, आणि तो किती वेळाने आला यावरून ताण कुठे पडला तेही समजतं. थोडक्यात, अडीच किलोमीटरचा धागा म्हणजे जमिनीखाली मांडलेली अडीच हजार कानांची रांग.

हे कान पाण्यासाठी होते. पण त्यांना पावलंही ऐकू येत, आणि कंपनी तो गोंगाट म्हणून पुसून टाकी. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या गोंगाटात माणसं आहेत. टाच किती जोरात पडते, चवडा किती उशिरा उचलतो, दोन्ही पायांत वजनाची वाटणी कशी, हे प्रत्येकाचं वेगळं. यंत्राने प्रत्येक चालीला एक क्रमांक दिला. कायद्याने बजावलं की क्रमांक ठेवा, नाव जोडू नका. जो जोडील त्याची नोकरी जाईल आणि वर खटला.

याच वहीवर शहराचं नवं मैदान वापर धोरण उभं होतं, आणि ते उज्ज्वलाबाईंनी स्वतः लिहिलं होतं. आधी मैदानाचा कुठला कोपरा कुणाला, हे नगरसेवकाच्या कानाशी कोण जास्त ओरडतो त्यावर ठरे. बत्तीस वर्षं ते ऐकून त्यांचे कान किटले होते. त्यांनी एका ओळीचा निकष काढला. एक माणूस एक तास मैदानावर वावरला की एक पाऊल-तास. ज्या तुकड्यावर सलग सव्वीस आठवडे, आठवड्याला शंभर पाऊल-तास भरत नाहीत तो रिकामा, आणि रिकाम्या तुकड्याची सुधारणा. सुधारणा म्हणजे प्लास्टिकची हिरवळ, चारी बाजूंनी जाळी, आणि फोनवरून तासाने आरक्षण. निकष सोपा होता, निःपक्ष होता, आणि बाईंना त्याचा अभिमान होता.

सोमवारी दुपारी रिकाम्या तुकड्यांची पहिली यादी सहीला आली. सात नावं. तिसऱ्यापर्यंत सही झरझर झाली. चौथ्यावर पेन थांबलं.

हौद मैदान, उत्तर तुकडा. पाऊल-तास : एकसष्ट.

उत्तर तुकडा म्हणजे लाल मातीचं खो-खोचं मैदान. उज्ज्वलाबाई त्यावर अकरा वर्षं खेळल्या होत्या. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर या तुकड्यावर बाकी सहा तुकड्यांपेक्षा आधी सही व्हायला हवी होती. त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

तेवढ्यात मुजावर आले. अन्वर मुजावर हे धागा अंथरणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर, वय पंचेचाळीस. बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघायची त्यांना सवय लागली होती.

“मॅडम, उत्तर तुकड्यात खोदायला परवानगी पाहिजे.”

“आता काय गळलं?”

“पाणी नाही. पावलं गळतायत.” त्यांनी हातातल्या यंत्राचा पडदा टेबलावर ठेवला. “हे बघा. गुरुवार आणि रविवार सोडून रोज संध्याकाळी बारा जणी आत येतात. पण पळताना चौघीच दिसतात. आठ गायब. त्यातही एक उगवते की एक मावळते. गंमत म्हणजे गायब कुठं होतात? या आठ जागांवर. एका रेषेत, सारख्या अंतरावर. काचेला आठ चिरा आहेत, माझं ठाम मत.”

उज्ज्वलाबाई आधी नुसत्या बघत राहिल्या. मग हसू लागल्या, आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

“मुजावर, तुम्ही लहानपणी काय खेळलात?”

“क्रिकेट.”

“तरीच. उठा. खाली बसा.”

“खाली?”

“फरशीवर. उकिडवे. एक टाच उचललेली, हात जमिनीला. हां. तोंड खिडकीकडे. आता शिपाईमामा, तुम्ही यांच्या शेजारी बसा, पण तोंड दाराकडे.”

शिपाईमामांनी चहाचा ट्रे ठेवला आणि बसले. त्यांना याहून विचित्र हुकूम ऐकायची सवय होती.

“असे आठ जण एका रांगेत, आठ चौकोनांत. एकाचं तोंड इकडं, शेजारच्याचं तिकडं. नववा पळतो आणि समोरच्या संघाच्या तिघांना पकडायला बघतो. पळणाऱ्याला रेष ओलांडता येत नाही. मग तो बसलेल्याच्या पाठीमागून येतो, पाठीला हात लावतो आणि म्हणतो...” बाईंनी मुजावरांच्या पाठीवर थाप मारली. “खो! की तुम्ही उठायचं आणि पळायचं, आणि तो तुमच्या जागी बसायचा.”

मुजावर दचकून उठले आणि खुर्चीवर आदळले. “आणि खो नाही मिळाला तर?”

“तर बसायचं. स्वतःहून उठलात तर फाउल.”

“म्हणजे आठ माणसं नुसती बसलेली असतात?”

“नुसती नाही,” बाई म्हणाल्या. मनातल्या मनात आकडेमोड चालू झाली होती. आठवड्याचे पाच दिवस, रोज तीन तास, पंधरा. पळणाऱ्या चौघी, साठ. वरचा एक येणाऱ्याजाणाऱ्यांचा. एकसष्ट. आकडा बरोबर होता. चुकली होती ती त्यांची स्वतःची ओळ. अकरा वर्षांतली निम्म्याहून जास्त त्यांनी चौकोनात बसून काढली होती, आणि वापराची व्याख्या करायची वेळ आली तेव्हा त्यांना फक्त पळणारे आठवले होते.

“बरं, हे आठ चुकले माझे,” मुजावर म्हणाले. “पण गुरुवारचं काय? गुरुवारी बाजार, मुली नसतात. पाचच्या सुमारास चार हजार चारशे सतरा क्रमांक कडुनिंबाच्या गेटातून येतो, सरळ मधल्या रेषेवर जातो, पाचव्या जागेवर गडप. पस्तीस-चाळीस मिनिटं काही नाही. मग तिथूनच पावलं सुरू, आणि बाहेर. एकटा माणूस कसला खो-खो खेळणार? ऐकवू?”

त्यांनी कळ दाबली. छोट्या स्पीकरमधून माती बोलू लागली.

धप्. टक्. धप्. टक्. डावं पाऊल अख्खं पडत होतं, उजव्याचा नुसता चवडा टेकत होता, आणि दर सात-आठ पावलांनी मध्येच एक अर्धं पाऊल, जणू चालणाऱ्याला पळायचं होतं आणि कुणीतरी अडवलं.

उज्ज्वलाबाईंच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. उजवी टाच चपलेतून उचलली गेली.

“मॅडम? ओळखीचं आहे?”

“क्रमांकाला ओळख नसते मुजावर,” त्या म्हणाल्या. “पुन्हा एकदा लावा.”

*

खो-खोत शेजारच्याचं तोंड दिसत नाही. उजी तोडकर, तेव्हाची उजी खाडे, पाचव्या चौकोनात बसे, आणि कांचन मगदूम चौथ्यात, विरुद्ध दिशेला तोंड करून. अकरा वर्षं दोघी एकमेकींपासून हात-दोन हातांवर बसल्या, आणि त्या वेळात एकमेकींचा चेहरा त्यांनी फार तर तासभर बघितला असेल. कांचन उजीला ऐकून माहीत होती. ती रागावली की डावं पाऊल आणखी जड पडे. तिला हूल द्यायची असली की ते अर्धं पाऊल येई. बाकीच्या मुली पाठीवर हात पडेपर्यंत वाट बघत. उजीला चार पावलं आधीच कळे की कांची येतेय, आणि खो आपल्याला आहे.

त्याच कळण्याने घात केला. दोन हजार चार साल, विभागाचा अंतिम सामना, शेवटची वीस सेकंदं, एक गडी बाद करायचा. कांचन मागून येत होती. उजी उठली. पंचांची शिट्टी वाजली, फाउल. गडी निसटला, सामना एका गुणाने गेला.

“खो द्यायच्या आधी उठलीस,” कांचन म्हणाली.

“हात लागला होता. तू खो म्हणालीच नाहीस.”

“म्हणाले मी! शिट्टीत ऐकू आलं नाही तुला.”

“मग मोठ्याने म्हणायचं.”

“तू थांबायचं.”

एवढंच भांडण. शेजारणीत यापेक्षा मोठी भांडणं नळावरून होतात आणि संध्याकाळपर्यंत मिटतात. हे मिटलं नाही, कारण दोघींनाही समोरचीने आधी बोलावं असं वाटत होतं, आणि दोघी वाट बघण्यात तरबेज होत्या. एसटीने परतताना कांचन पुढच्या सीटवर बसली, उजी मागच्या. पुढच्या वर्षी कांचनचं लग्न होऊन ती दावणगेरीला गेली. पत्रिका आली, पण पाकिटावरचं अक्षर तिच्या भावाचं होतं. उजी लग्नाला गेली नाही. स्वतःच्या लग्नाची पत्रिका उजीने कांचनला स्वतःच्या हाताने लिहिली आणि मग कपाटात ठेवली. ती अजून तिथेच आहे, बांगड्यांच्या डब्याखाली.

पुढे नवरा झाला, मुलगा झाला, मुलगा नोकरीला लांब गेला. नवरा विलासराव माणूस भला. पण तीस वर्षांत जिन्यात पाऊल वाजलं की ते आतून विचारत, “कोण आहे?” रोज. आणि रोज उज्ज्वलाबाई म्हणत, “मीच.” त्यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. फक्त प्रत्येक वेळी त्यांना आठवे की एक माणूस असं विचारत नसे.

*

सातही तुकड्यांच्या हरकतींची नोटीस मंगळवारी सकाळी गेटांवर लागली, आणि त्याच दिवशी मुजावरांनी तोड काढली. ती त्यांनी फरशीवर उकिडवं बसूनच समजावली. त्यांना ते आवडू लागलं होतं, आणि बाईंना हसू आवरत नव्हतं.

“मॅडम, ऊन चढलं की माती फुगते, उतरलं की आकसते. हा सावकाश ताण धाग्यात येतो आणि वाचन बिघडवतो. म्हणून सेकंदाला एकदापेक्षा संथ जे काही असेल ते यंत्र गाळून टाकतं. पाऊल झटक्याचं, ते राहतं. बसलेल्या माणसाचं वजन संथ, ते उन्हाबरोबर पुसलं जातं. पण मूळ नोंदी कायद्याने सव्वीस आठवडे ठेवाव्या लागतात. गाळणी काढून परत चालवल्या. बघा.”

पडद्यावर लाल माती, आणि मधल्या रेषेवर आठ ठिपके. ठिपके स्थिर नव्हते. प्रत्येक ठिपका बारीक थरथरत होता, गडी जवळून गेला की जास्त.

“ही बसलेली पोरगी बसलेलीच नाही, मॅडम. चवडा सारखा माती दाबतोय. झोपलेल्या माणसाचा ठिपका असा दिसतो...” त्यांनी झाडाखालचा एक फोडणीच्या डागासारखा पसरट डाग दाखवला. “हा तीन वाजल्यापासून पाचपर्यंत हललेला नाही. बहुतेक आपल्याच विभागाचा माळी.”

“क्रमांकाला नाव जोडू नका.”

“सॉरी.”

आठ बसलेल्या, पंधरा तास. एकशे वीस. एकसष्टात मिळवले की एकशे एक्याऐंशी. उज्ज्वलाबाईंनी हे कागदावर दोनदा केलं. मग स्वतःच्याच धोरणाला दुरुस्ती सुचवणारं टिपण लिहिलं : वावर या शब्दात सज्ज बसणे समाविष्ट करावे.

समितीसमोर ते बुधवारी आलं. उपायुक्त सरनोबतांनी टिपण वाचलं, चष्म्यावरून बघितलं.

“बसणं म्हणजे वापर? मग तोडकर मॅडम, या इमारतीचा वापर राज्यात पहिला येईल.”

सगळे हसले. बाईही हसल्या, कारण विनोद चांगला होता. मग मुजावरांनी ठिपके दाखवले, माळ्याचा डाग आणि मुलींची थरथर शेजारी शेजारी ठेवली, आणि खोलीतलं हसू ओसरलं.

“हे पटलं,” सरनोबत म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. नियम वाचून काढणारे होते, आणि तशा माणसाला समजावणं अवघड असतं. “पण कलम नऊ बघा. शाळेच्या मुलींचे तास शाळेच्या अंगणाच्या नावे धरायचे. हे कलमही तुमचंच.”

“अंगणात आता गाड्या लागतात, साहेब.”

“कागदावर अंगण आहे. शिवाय, स्पष्ट बोलतो, तुम्ही इथल्या जुन्या खेळाडू. उद्या कुणी म्हणेल, बाईंनी आपल्या मैदानासाठी गाळणी काढली. शाळेबाहेरचा एक तरी नियमित वापरणारा प्रौढ माणूस लेखी निवेदन देऊ दे. हरकतींची मुदत परवा शुक्रवारी पाचपर्यंत आहेच. मिळालं तर तुकडा राहील. नाही तर सुधारणा. आणि विभागाने कुणाला जाऊन गळ घालायची नाही.”

शाळेबाहेरचा नियमित वापरणारा एकच होता. चार हजार चारशे सतरा.

जिन्यात मुजावर हळूच म्हणाले, “मॅडम, रस्त्याखाली पण आमचाच धागा आहे. गेटातून पाऊल बाहेर पडलं की घराच्या पायरीपर्यंत जाता येतं. पंधरा मिनिटांचं काम. मी बघितलं नाही, तुम्ही विचारलं नाही.”

उज्ज्वलाबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. दोन दिवसांत त्यांनी ती पावलं एकोणीस वेळा ऐकली होती. जेवणाच्या सुट्टीत, कानात यंत्र घालून. विलासरावांना वाटलं होतं भजन ऐकतेय. एकोणीस वेळा ऐकूनही ती कांचनच आहे याला पुरावा काय, तर स्वतःची पाठ. सदतीस वर्षांत माणसाचं वजन बदलतं, गुडघे बदलतात. चालीतलं ते अर्धं पाऊल दुसऱ्या कुणाचंही असू शकतं. पंधरा मिनिटांत कळलं असतं. मैदान वाचलं असतं. तोंडाशी शब्द आला होता.

“गेटातून डावीकडे वळतं की उजवीकडे,” त्या म्हणाल्या, “एवढंच...”

मुजावरांनी पडदा काढला.

“नको,” बाई म्हणाल्या. “ठेवा तो आत.”

“कायद्याचं भ्या वाटतंय? कुणाला कळणार नाही.”

“कायद्याचं नाही हो. खो मागून घ्यायचा नसतो.”

मुजावरांना हे पुरतं कळलं नाही. पण आता त्यांना खेळाचे नियम येत होते, म्हणून त्यांनी वाद घातला नाही.

*

गुरुवारी साडेचारला उज्ज्वलाबाई रजेचा अर्ज टाकून हौद मैदानावर गेल्या. रजेवरची अधीक्षक म्हणजे विभाग नव्हे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. नियम लिहिणाऱ्यांना अशा फटी बरोबर माहीत असतात. गेटावर नोटीस लावलेली होती : उत्तर तुकडा, हरकती व निवेदने शुक्रवार सायंकाळी पाचपर्यंत. खाली त्यांचीच सही.

दक्षिणेकडे पोरांचं क्रिकेट जोरात होतं. उत्तरेकडे कुणी नव्हतं. लाल मातीवर कालच्या खेळाच्या टाचा उमटलेल्या होत्या. चौकोनांची चुनखडी अर्धी पुसलेली. बाईंनी खांबापासून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. आजूबाजूला बघितलं, साडीचा ओचा सावरला आणि पाचव्या चौकोनात बसल्या. बसणं कसलं, टप्प्याटप्प्याने उतरणं. उकिडवं जमेना. एक गुडघा टेकला, दुसरा कुरकुरला. तोंड पूर्वेला, कारण पाचव्याचं तोंड पूर्वेलाच असे. गेट पाठीमागे.

पाच वाजले. पाच वाजून दहा. क्रिकेटवाल्यांचा चेंडू आला, एक मुलगा तो न्यायला आला, बाईंकडे बघून बिचकला. “आजी, काही हरवलंय का?” “हो,” त्या म्हणाल्या, “तू खेळ.” पायाला मुंग्या आल्या. मनात आलं, मी अधीक्षक आहे, सत्तावन्न वर्षांची, आठ महिन्यांनी निवृत्त होणार, आणि एका आवाजाच्या भरवशावर धुळीत बसलेय. उठावं. कुणी खो दिलेला नव्हता, तरी उठावं. आयुष्यात दुसऱ्यांदा आधी उठावं.

धप्. टक्.

काचेच्या धाग्याआधी की नंतर, देव जाणे, पण बाईंच्या पाठीने ते ऐकलं. धप्. टक्. धप्. पावलं गेटापासून निघाली, रेषेच्या दिशेने आली, आणि दहा हातांवर थांबली. बराच वेळ थांबली. उज्ज्वलाबाईंनी मान वळवली नाही. टाच उचललेली होती, ती थरथरू लागली.

मग एक अर्धं पाऊल पडलं. आणि कुणीतरी चौथ्या चौकोनात, पश्चिमेला तोंड करून, मोठा सुस्कारा टाकत बसलं.

“माझ्या जागेवर कोण बसलंय म्हटलं,” आवाज आला.

“जागा माझी आहे.”

“ते बी खरंच.”

क्रिकेटवाले ओरडले, कुणीतरी बाद झालं होतं. 

“कधी आलीस?” उज्ज्वलाबाईंनी समोरच्या मोकळ्या मातीला विचारलं.

“झाली दोन वर्षं. हे गेले, मग भावाने वरचा मजला दिला.”

“दोन वर्षं! आणि गावात असून...”

“तू तरी कुठं हाक मारलीस?”

“मला ठाऊक नव्हतं.”

“मला होतं. तुझी पाटी वाचून गेले ना ऑफिसात. मंगळवारी. ही नोटीस बघून. दारापर्यंत आले. आत कुणीतरी माणूस फरशीवर उकिडवा बसलेला आणि तू हसत होतीस. म्हटलं, हिचं बरं चाललंय. परत गेले.”

उज्ज्वलाबाईंना हसू आलं.

“कांचे, इथे बसून काय करतेस गं दर गुरुवारी?”

मागून मातीत बोट फिरवल्याचा आवाज आला.

“ऐकते,” कांचन म्हणाली. “पहिल्यांदा आले ती सहज. मग म्हटलं, उजीच्या जागेवर बसून बघू या, इथून काय ऐकू येतं. पलीकडं हे क्रिकेटवाले शिट्ट्या मारतात, बोंबलतात. माझी भाची एकदा आल्ती संगं. तिला म्हटलं, मागून ये आणि खो म्हण. म्हणाली, आत्या, म्हटला की. आणि मी बसलेलीच. तीनदा म्हटला, दोनदा ऐकू आला नाही. म्हणजे मी दिला होता उजे. शप्पथ दिला होता. पण तुला ऐकू आला नसणार. एवढं कळायला सदतीस वर्षं लागली, आणि कळल्यावर सांगायला जायचं धाडस होईना. म्हणून येते आणि बसते.”

“मी पण आधी उठले होते,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या. हे त्यांनी आजवर कुणालाच, स्वतःलासुद्धा, सांगितलेलं नव्हतं. “हात लागलाच नव्हता. तुझी पावलं ऐकली आणि उठले. तू येतेयस म्हटल्यावर हाताची वाट कशाला बघायची, असं वाटलं.”

ऊन कलत होतं. दोघींच्या सावल्या पूर्वेकडे लांबत जाऊन एकमेकींत मिसळल्या होत्या. बाईंना त्या समोर दिसत होत्या, कांचनला नाही.

“हे घे,” कांचनने हात मागे करून एक घडी घातलेला कागद सरकवला. निवेदनाचा छापील नमुना होता. नाव, पत्ता, सही, सगळं भरलेलं. एक रकाना मोकळा. “वापराचा प्रकार म्हणून काय लिहू, तेवढं कळेना. खेळते म्हणावं तर खेळत नाही. फिरते म्हणावं तर फिरत नाही. तू अधिकारी. सांग.”

“मी रजेवर आहे. मला सांगता येत नाही.”

“अजून तशीच आहेस बघ.”

कांचनने कागद ओढून घेतला, मांडीवर ठेवला, पेन काढलं. काय लिहिलं ते बाईंना दिसलं नाही. शब्द एकच होता, एवढं पेनाच्या आवाजावरून कळलं. मग पर्सची चेन वाजली. मग गुडघे मोडल्याचा आवाज, आई गं, आणि पावलं. धप्. टक्. ती थोडा वळसा घेऊन बाईंच्या पाठीमागे आली.

उज्ज्वलाबाईंना चार पावलं आधीच कळलं. या वेळी त्या हलल्या नाहीत.

हात पाठीवर पडला. जड, गरम, बोटं पसरलेली.

“खो!” कांचन ओरडली. इतक्या मोठ्याने की क्रिकेटचा गोलंदाज धावता धावता थांबला. “आलं का ऐकू?”

“आलं,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या. “पण आता उठवत नाही गं. हात दे.”

*

शुक्रवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी आवक खिडकीवर एक निवेदन आलं. सरनोबतांनी ते दोनदा वाचलं. वापराचा प्रकार या रकान्यात लिहिलं होतं : बसणे. त्यांनी चष्मा काढला, घातला, आणि उत्तर तुकड्याचं नाव यादीतून खोडलं.

मुजावरांनी त्याच दुपारी काचेला चिरा असल्याचा आपला तक्रार अर्ज बंद केला. गुरुवारच्या नोंदीत पाचव्या चौकोनावर एक ठिपका होता, शेजारी चौथ्यावर दुसरा, विरुद्ध दिशेला कललेला. मग काही पावलं. मग दोन चाली, एकमेकींवर भार टाकून इतक्या हळू निघालेल्या की यंत्राने त्यांना एकच क्रमांक देऊन टाकला होता. मुजावर बराच वेळ ते बघत राहिले. क्रमांक दुरुस्त करायचा असतो. त्यांनी केला नाही. शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं :

केबल तपासली. दोष नाही.